वातरोधाचे मापक म्हणून कृत्रिम उपग्रह : एक ऐतिहासिक विवेचन

पृथ्वीच्या वातावरणाच्या उच्च स्तरांत हवा किती विरळ असावी, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतांशी अनुमानाचाच विषय होता. संशोधनाकरिता सोडलेले अग्निबाण काही मिनिटांत खाली येत. त्यांपासून मिळणारी माहिती एका स्थळापुरती व एका क्षणापुरती असे. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने पहिला स्पुटनिक सोडला आणि ही स्थिती पालटली. ५८ सेंटीमीटर व्यासाच्या व ८३.६ किलोग्रॅम वजनाच्या या गोलावर हवेची घनता मोजणारे उपकरण नव्हते. तथापि ४ जानेवारी १९५८ रोजी तो नष्ट होईपर्यंत त्याची कक्षा सतत आकुंचन पावत राहिली, आणि हे आकुंचन हेच मापन ठरले.

वातरोधामुळे उपग्रहाची एकूण ऊर्जा घटते व तो खाली सरकतो. मात्र खाली येताना त्याचा वेग वाढतो आणि प्रदक्षिणाकाल कमी होतो. हा प्रदक्षिणाकाल अत्यंत सूक्ष्मतेने मोजता येत असल्यामुळे त्यातील घटीवरून हवेची घनता काढणे शक्य झाले. इंग्लंडमध्ये फार्नबरो येथे डेस्मंड किंग-हील यांनी व अमेरिकेत स्मिथसोनियन वेधशाळेत लुइजी याकिया यांनी हे गणित हाती घेतले. घनता पूर्वीच्या अनुमानाच्या कित्येक पट असल्याचे दिसून आले. शिवाय ती स्थिर नव्हती. सूर्याच्या सुमारे २७ दिवसांच्या परिभ्रमणाशी जुळणारे चढउतार तीत आढळले. याकिया व जर्मनीतील वोल्फगांग प्रीस्टर यांच्या अभ्यासाने वरची हवा सूर्याच्या क्रियाशीलतेनुसार फुगते व आकसते, हे सिद्ध झाले.

येथवर उपग्रह अन्य हेतूंनी सोडलेले होते. केवळ वातरोधासाठी उपग्रह रचावयाचा, तर तो कसा असावा? वातरोधजन्य मंदन हे छेदक्षेत्रफळ भागिले वस्तुमान या गुणोत्तराच्या प्रमाणात असते. म्हणून उपग्रह मोठा परंतु हलका हवा. आणि तो कसाही फिरला तरी छेदक्षेत्रफळ बदलू नये म्हणून गोलच हवा. १६ फेब्रुवारी १९६१ रोजी वॉलॉप्स बेटावरून सोडलेला एक्सप्लोरर ९ या विचाराचे मूर्त रूप होय. अॅल्युमिनियमचा पत्रा व मायलर यांच्या थरांचा हा फुगा घडी घालून वर नेला व कक्षेत फुगविला. व्यास ३.६६ मीटर, वजन अवघे सुमारे ७ किलोग्रॅम. त्याचे उपर्युक्त गुणोत्तर पहिल्या स्पुटनिकच्या चारशेपटींहून अधिक भरते. त्याचे रेडिओप्रेषक लवकरच बंद पडले. परंतु बेकर-नन कॅमेऱ्यांच्या जाळ्याने त्याचा माग ठेवला, आणि १९६४ साली पडेपर्यंत तो उपयोगी ठरला. नैनिताल येथील कॅमेरा हे या जाळ्याचे भारतातील ठाणे होते.

या हलकेपणाची किंमत मात्र द्यावी लागली. फुग्यावर सूर्यप्रकाशाचा दाबही लक्षणीय पडतो; तो गणिताने वेगळा काढल्याखेरीज वातरोध हाती येत नाही. त्याहून गंभीर अडचण निराळीच होती. कक्षेवरून मिळते ते निव्वळ घनतेचे मूल्य नव्हे, तर घनता व रोधगुणक यांचा गुणाकार. एवढ्या उंचीवर हवेचे कण पृष्ठभागावर सुटेसुटे आदळतात, आणि ते कसे परततात यावर रोधगुणक अवलंबून असतो. तो २.२ च्या आसपास धरण्याचा प्रघात पडला. पण धरलेले मूल्य म्हणजे मोजलेले मूल्य नव्हे.

हा प्रश्न १९६३ साली ऐरणीवर आला. त्या वर्षी एप्रिलमध्ये सोडलेल्या एक्सप्लोरर १७ वरील दाबमापकांनी दिलेली घनता कक्षेवरून काढलेल्या घनतेच्या सुमारे निम्मी भरली. दोष मापकांचा की गृहीत रोधगुणकाचा? इटलीच्या लुइजी ब्रोल्यो यांनी तिसरा मार्ग योजिला. १५ डिसेंबर १९६४ रोजी सोडलेल्या सान मार्को उपग्रहात हलके बाह्य कवच आतील जड गाभ्याशी लवचीक दुव्यांनी जोडले होते. हवेचा रोध होताच कवच किंचित सरके, व ते सरकणे मोजून रोध तत्काळ कळे. कक्षेच्या गणिताला कित्येक तासांची वा दिवसांची सरासरी घ्यावी लागे, ती येथे टळली. परंतु बल मोजले तरी त्यातून घनता काढण्यास रोधगुणक लागतोच. २००९ साली कक्षेत सोडलेल्या कॅस्टर व पोलक्स या समान आकाराच्या परंतु असमान वजनाच्या गोलांच्या जोडीतही गोलाकृतीचा हाच जुना विचार दिसतो.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. सौर क्रियाशीलता अपेक्षेहून अधिक वाढल्यामुळे स्कायलॅब ११ जुलै १९७९ रोजी, अंदाजापूर्वीच, कोसळले. फेब्रुवारी १९२२ नंतर बरोबर शंभर वर्षांनी, म्हणजे फेब्रुवारी २०२२ मध्ये, एका भूचुंबकीय वादळाने हवा फुगून नुकत्याच सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी ३८ नष्ट झाले.

या इतिहासातून एक गोष्ट ध्यानी येते. वातरोध मोजणाऱ्या उपग्रहाचा नाश त्या वातरोधानेच होतो. परंतु त्याचे खाली येणे अचूक वाचण्यासाठी साधा गोलच सर्वाधिक विश्वसनीय ठरला आहे. त्या साधेपणाआड दडलेले रोधगुणकाचे गृहीतक मात्र अभ्यासकाने प्रत्येक वेळी तपासून घ्यावयास हवे.