एक वर्षाआधी बाळाला गायीचं दूध का देऊ नये?

बाळ चार-पाच महिन्यांचं झालं की घरात कुणीतरी हमखास म्हणतं, "आता वरचं दूध सुरू करा." आईची रजा संपते आणि वाटी-चमच्याने गायीचं दूध सुरू होतं. बाळाचं पोट भरतं, वजनही वाढतं. पण याच काळात त्याच्या शरीरातलं लोह कमी होऊ शकतं आणि ते लगेच दिसत नाही.

पूर्ण दिवसांच्या बाळाकडे आईच्या पोटातूनच लोहाचा साठा आलेला असतो. तो साधारण सहा महिने पुरतो. आईच्या दुधात लोह कमी असलं तरी ते चांगलं शोषलं जातं. गायीच्या दुधात लिटरमागे जेमतेम अर्धा मिलिग्रॅम लोह असतं आणि त्यातलंही थोडंच अंगी लागतं. वर त्यातलं कॅल्शियम आणि केसीन हे प्रथिन इतर अन्नातलं लोहही शोषू देत नाही. काही बाळांच्या आतड्यांतून या दुधामुळे डोळ्यांना न दिसणारा सूक्ष्म रक्तस्राव होतो. अनेकांना शी कडक होते. पाणी घालून दूध 'हलकं' करण्याने तर उष्मांकही घटतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात ६ ते ५९ महिन्यांच्या ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. २०१५-१६ मध्ये हे प्रमाण ५३.८ टक्के होतं. याला एकटं दूध अर्थातच जबाबदार नाही. वरचा आहार उशिरा किंवा अपुरा सुरू होणं हेही मोठं कारण आहे.

आईचं दूध शक्यच नसेल तर वर्षभर डॉक्टरांच्या सल्ल्याने फॉर्म्युला दूध द्यावं. सहा महिने पूर्ण झाल्यावर स्तनपानासोबत मऊ वरण-भात, मोड आलेल्या नाचणीचं सत्त्व, अंडं सुरू करता येतं. वरणात थोडं लिंबू पिळलं तर लोह जास्त शोषलं जातं.

'अ‍ॅनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमात याच वयापासून आठवड्यातून दोनदा १ मिलि लोहाचं सिरप दिलं जातं. बाळ आजारी, अतिकुपोषित किंवा थॅलेसेमियाग्रस्त असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. सिरपने शी काळी होते आणि घाबरून अनेक घरांत औषध बंद होतं. हा रंग लोहाचा असतो, औषध चालू ठेवावं. मात्र सिरप सुरू नसताना शी डांबरासारखी काळी झाली किंवा त्यात रक्त दिसलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत.