पाण्यावरचा दिवाणखाना



इस्तंबूलला कोणी निघालं की आपण हमखास तीन नावं सांगतो. आयासोफिया, टोपकापी आणि दोल्माबाहचे. त्यातलं दोल्माबाहचे मला कधीच फारसं भावलं नाही. 1856 साली पूर्ण झालेला, 285 खोल्यांचा, पांढराशुभ्र राजवाडा. तो बांधून होईपर्यंत सुलतानाच्या सरकारने परदेशी कर्जं काढायला सुरुवात केली होती आणि 1875 मध्ये तर दिवाळंच वाजलं. झुंबरं बघताना मला सारखं हेच आठवत होतं :)

मला जी वास्तू आवडली तिचा मूळ पसारा केव्हाच गेला. आज उरलाय तो एक दिवाणखाना. बॉस्फरसच्या आशियाई काठावर, अनादोलु हिसारी भागात, अमजाझादे हुसेन पाशाची याली. याली म्हणजे पाण्याला चिकटून बांधलेला वाडा, शब्द मूळचा ग्रीक, अर्थ समुद्रकिनारा. बांधकाम 1699 चं. बॉस्फरसवर टिकून असलेली ही सर्वांत जुनी याली.

अमजाझादे म्हणजे काकाचा मुलगा, चुलतभाऊ. या हुसेनचे काका कोप्रुलू मेहमेद पाशा 1656 मध्ये म्हातारपणी वजीर-ए-आझम झाले आणि मग त्या पदावर त्यांच्याच घरातली माणसं एकामागून एक येत राहिली. हुसेन हा त्या वजिरांचा चुलतभाऊ, आणि तीच त्याची ओळख बनली. (कोप्रु म्हणजे पूल. कोप्रुलूंच्या या यालीशेजारून आता बॉस्फरसवरचा दुसरा पूल जातो, 1988 साली झालेला. योगायोग, दुसरं काय!)

हुसेनला पद मिळालं ते फार वाईट वेळी. 1683 मध्ये व्हिएन्नाचा वेढा फसला आणि त्यातून पेटलेलं युद्ध सोळा वर्षं चाललं. 1697 च्या सप्टेंबरात झेंटाच्या लढाईत फौजेची धूळधाण झाली, आधीचा वजीर तिथेच मारला गेला. मग सुलतान दुसऱ्या मुस्तफाने हुसेनला बोलावलं. त्याला कळलं होतं की आता लढणं म्हणजे उरलंसुरलं घालवणं. 26 जानेवारी 1699 रोजी कार्लोविट्झचा तह झाला. हंगेरीचा बहुतेक भाग आणि ट्रान्सिल्व्हेनिया ऑस्ट्रियाकडे, मोरिया व्हेनिसकडे, पोडोलिया पोलंडकडे. हा तह याच यालीत झाला असं ठोकून देणारे भेटतात. विश्वास ठेवू नका. कार्लोविट्झ आजच्या सर्बियात, डॅन्यूबच्या काठी आहे आणि सह्या तिथेच झाल्या. घरी येऊन हुसेनने तंबाखू आणि कॉफीवरचे युद्धकाळात वाढवलेले कर कमी केले. 1702 मध्ये तो पायउतार झाला आणि त्याच वर्षी गेला. म्हणजे ज्या खोलीबद्दल मी लिहितोय, तिच्यात त्याला जेमतेम तीन उन्हाळे मिळाले असतील.

खोली काय आहे म्हणाल, तर मध्ये एक चौक, वर लाकडी घुमट, मधोमध संगमरवरी कारंजं. चौकाच्या तीन बाजूंना बैठकीचे कोनाडे, त्यामुळे आराखडा इंग्रजी टी अक्षरासारखा दिसतो. हे कोनाडे पाण्यावर पुढे काढलेले, खालून तिरप्या लाकडी टेकूंवर पेललेले. खिडक्या एकीला एक लागून, आणि उभ्या माणसासाठी नव्हे, बैठकीवर मांडी घातलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला! खाली बसलं की तिन्ही बाजूंना पाणीच. आत भिंतींच्या फळ्यांवर फुलदाण्या रंगवलेल्या आहेत, त्यांत गुलाब, ट्यूलिप... लाटांवरचा उजेड छतावर हलत असणार. ‘असणार’ म्हणतोय, कारण मी दोनदा गेलो तेव्हा दोन्ही वेळा ती फक्त बोटीतूनच पाहिली. आतलं सगळं फोटो आणि आराखडे बघून सांगतोय.

बाहेरून रंग गेरूचा. अक्षरशः गेरू, लोहयुक्त मातीचा तांबडा. तुर्की लोक या खोलीला ‘दिवानहाने’ म्हणतात आणि हौदाला ‘हावूज’. दिवाणखाना आणि हौद! फारसी-अरबीतून त्यांच्याकडे गेले तसेच आपल्याकडेही आले. बोटीवर शेजारच्या काकांना मी हे उत्साहाने सांगायला गेलो, त्यांनी फक्त चहा पुढे केला.

बाकीचा वाडा, जनान्यासकट, नाहीसा झाला. जुन्या लाकडाला आग, दमट हवा, वाळवी, सगळेच शत्रू. 1915 मध्ये, ऐन महायुद्धात, इस्तंबूलमधल्या एका हौशी मंडळाने या दिवाणखान्यावर फ्रेंचमध्ये पुस्तक काढलं, प्रस्तावना पिएर लोतीची. पुढे सेदाद हक्की एल्देम या वास्तुविशारदाने 1940 च्या दशकात हाच आराखडा घेऊन शहरात ताशलिक कॉफीहाऊस बांधलं. गंमत बघा, काँक्रीटच्या जमान्यातली ती आवृत्ती एका मोठ्या हॉटेलसाठी पाडली गेली आणि नंतर पुन्हा बांधावी लागली. मूळ लाकडी खोली मात्र आपल्या जागी उभी.

7 एप्रिल 2018 ला टीव्हीवर बातमी आली. बॉस्फरसमध्ये 225 मीटर लांबीच्या मालवाहू जहाजाचं इंजिन बंद पडलं आणि ते काठावरच्या यालीत घुसलं. अनादोलु हिसारी, दुसऱ्या पुलाजवळ, तांबडा लाकडी वाडा. माझ्या हातातला कप तसाच राहिला. बायकोला म्हटलं, गेलं ते. तासाभराने नाव कळलं, हेकिमबाशी सालिह एफेंदीची याली. म्हणजे त्याच काठावरची, थोड्याच अंतरावरची. मला हायसं वाटलं, आणि लगेच लाजही वाटली. हा सालिह एफेंदी सुलतानांचा मुख्य हकीम, बागेत औषधी झाडं लावणारा वनस्पतींचा जाणकार. त्याचं घर मी दोन्ही वेळा बोटीतून नीट पाहिलंही नव्हतं, माझे डोळे पुढच्या-मागच्या दिवाणखान्याला शोधत होते. माणूस कोणी दगावलं नाही, एवढंच नशीब.

सामुद्रधुनी त्या भागात जेमतेम सातशे मीटर रुंद, त्यात वळणं आणि प्रवाह. 1936 च्या माँत्रो करारामुळे व्यापारी जहाजांना वाट मोकळी आहे. इंजिन पुन्हा कुणाचंही बंद पडू शकतं.

जाणार असाल तर एमिनोनूहून उत्तरेला जाणारी बोट घ्या आणि उजव्या कठड्याशी बसा. किल्ला मागे पडला की कॅमेरा तयार ठेवा. पुढे कान्लिजाचं दही मिळतं, वर पिठीसाखर भुरभुरून. तेही सोडू नका.