शिवणाच्या डब्यातील इतिहास

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा विषय कोणता घ्यावा ह्याच विवंचनेत मी होते. त्याच आठवड्यात माळा आवरताना सासूबाईंचा शिवणाचा डबा हाती आला आणि विषय आपोआप मिळाला. बिस्किटांचा पत्र्याचा चौकोनी डबा. झाकणावरचे चित्र कधीच पुसून गेलेले. त्यांना जाऊन बरीच वर्षे झाली, पण आतील एकही वस्तू हलवण्याचे माझ्या मनात आले नव्हते.

आत काय होते? फ्लॅनेलच्या तुकड्याला टोचून ठेवलेल्या सुया, त्यांत गोधडीची एक लांब, जाड सुई; पितळी अंगुस्तान; मोठी कात्री; मेणाचा काळपट गोळा; लाकडी रिळे; झिजलेला खडू; आणि तळाशी चिंध्यांचे लहानसे बोचके. गोधडी शिवणाऱ्या बाईचे भांडवल एवढेच. जागा म्हणाल तर ओसरीवरची सारवलेली जमीन. तिच्यावर जुनी लुगडी एकावर एक पसरायची, कोपऱ्यांवर पाट, वरवंटा, जे हाताला येईल ते ठेवायचे, कच्चा टाका घालायचा आणि कडेपासून धावदोरा सुरू करायचा.

ह्या साध्या वस्तूंना इतिहास तो कोणता असणार, असे आपल्याला वाटते. पण प्रत्येकीमागे पुष्कळ मोठी हकिगत आहे.

सुईपासूनच आरंभ करू. नेढे असलेल्या हाडाच्या सुया मनुष्य हजारो वर्षांपूर्वीपासून वापरीत आला आहे. हिमयुगातील माणसाने चामडी शिवून अंग झाकले ते अशाच सुयांनी. मोहेंजोदडोलाही तांब्याच्या सुया सापडल्या. पण शिवणाच्या डब्याचे खरे मनोरंजक वर्णन वाचायचे असेल, तर बौद्धांच्या विनयपिटकातील 'चुल्लवग्ग' हा ग्रंथ पाहावा. त्यात भिक्षूंच्या शिवणकामाच्या अडचणी क्रमाने सांगितल्या आहेत. पहिल्याने भिक्षू कोंबड्याचे पीस व बांबूची काडी ह्यांनी चीवरे शिवीत. शिवण वाईट होई. तेव्हा बुद्धांनी सुईची परवानगी दिली. सुया गंजू लागल्या, म्हणून सुईची नळी आली. नळीतही गंजू लागल्या, म्हणून तीत पीठ, दगडाची भुकटी, मेण असे एकेक उपाय झाले. बोटे सोलवटू लागली, म्हणून अंगुस्तान आले. काहींनी लगेच सोन्यारुप्याची अंगुस्ताने करून घेतली; लोकांनी नावे ठेवली आणि ती बंद झाली. शेवटी सुई, सुरी, अंगुस्तान हरवू लागली, तेव्हा ती ठेवण्यासाठी भांडे आले! सासूबाईंच्या डब्याचा पूर्वज तो हाच.

त्याच पिटकात आणखी एक कथा आहे, ती मला फार महत्त्वाची वाटते. शाक्यांच्या प्रदेशातील हस्तिदंताच्या एका कारागिराने भिक्षूंना सुईच्या नळ्या करून देण्याचे कबूल केले. मागणाऱ्यांची रीघ लागली. तो एवढ्या नळ्या करीत बसला, की पोटापाण्याचे दुसरे काम त्याला करता येईना आणि बायकामुलांचे हाल होऊ लागले. तेव्हा हाड, हस्तिदंत किंवा शिंग ह्यांची नळी करवून घेऊ नये, करवून घेतली तर ती फोडावी, असा नियम झाला. वस्तू सुंदर असली तरी ती करणाऱ्याच्या घरी काय शिजते, हे पाहावे लागते, असा बोध त्या काळीही लोकांना झाला होता.

आपल्या ओळखीची पोलादी सुई मात्र कारखान्यातली. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातील रेडिच हे गाव सुयांसाठी जगभर प्रसिद्ध होते. दोन सुया होतील एवढी तार कापायची, तिची दोन्ही टोके घासून अणकुचीदार करायची, मधोमध दोन नेढी पाडायची आणि मग मधून मोडून दोन सुया करायच्या, अशी ती रीत. टोके घासणाऱ्या कामगारांच्या फुप्फुसात दगडाची व लोखंडाची धूळ जाई आणि त्यांतले कित्येक तरुणपणीच मरत. धूळ ओढून घेणारे पंखे निघाले, तेव्हा त्या कामगारांनीच त्यांना विरोध केला. धोका गेला तर धोक्याची म्हणून मिळणारी जादा मजुरीही जाईल, ही भीती त्यांना होती. सुई हरवली तर आपण दुसरी आणतो. तिच्या टोकावर कोणाचे आयुष्य झिजले होते, हे आपल्या ध्यानीमनीही नसते.

'अंगुस्तान' हा शब्द फारसी आहे. अंगुश्त म्हणजे बोट. सासूबाईंच्या अंगुस्तानावर टाक्यांचे खळगे दाट पडले आहेत. 'कात्री' मात्र संस्कृत 'कर्तरी'वरून आली. दोन पाती मधल्या खिळ्यावर फिरतात अशी कात्री रोमन लोकांनाही ठाऊक होती. आपल्याकडे मीरतची कात्री नावाजलेली. २०१३ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. ही कात्री बहुतेक मोडीच्या धातूपासून होते. मोटारींच्या व रेल्वेच्या भंगारातले पोलाद पात्याला आणि जुन्या भांड्यांची धातू मुठीला. धार गेली की लावून घ्यायची आणि पुन्हा वापरायची. म्हणजे जुन्यातून नवे करणारी गोधडी कापायला हत्यारही जुन्यातूनच झालेले!

दोऱ्याची गोष्ट युद्धाशी जोडलेली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नेपोलियनच्या लढायांमुळे इंग्रजांना रेशीम मिळेना, तेव्हा स्कॉटलंडमधील पेझ्ली गावी क्लार्क घराण्याने रेशमाच्या जागी चालेल असा गुळगुळीत सुती दोरा काढला. पुढे तो रिळावर गुंडाळून देशोदेशी गेला. आपल्याकडे मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी दावर ह्यांनी १८५४ साली स्थापन केली आणि १८५६ साली ती सुरू झाली. गिरणीचे स्वस्त कापड घरोघर आले आणि गोधडीच्या चिंध्यांत छापील फुले, चौकडे, पट्टे दिसू लागले. मेणाचा गोळा तेवढा जसाच्या तसा राहिला. दोरा त्यावरून ओढला की गुंतत नाही आणि जाड थरांतून सहज निघतो.

आता शिवणयंत्र. ते डब्यात मावत नाही, पण शिवणाच्या कोपऱ्यातले मानाचे स्थान त्याचेच. फ्रान्समध्ये तिमोनिये नावाच्या शिंप्याने १८३० साली यंत्राचा हक्क नोंदवला. ते लष्करी पोशाख शिवू लागले, तेव्हा आपले पोट जाणार ह्या भीतीने पॅरिसच्या शिंप्यांनी त्याच्या कारखान्यावर चाल करून यंत्रे मोडली. अमेरिकेत एलियास हाऊने १८४६ साली व आयझॅक सिंगरने १८५१ साली आपापल्या यंत्रांचे हक्क घेतले. सिंगरच्या कंपनीने १८५६ साली हप्त्याने विक्री सुरू केली आणि यंत्र मध्यम स्थितीतल्या घरात आले. यंत्रांवर कडक टीका करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ साली सिंगरच्या यंत्राला अपवाद म्हणून मोकळीक दिली. पत्नीचे कष्ट पाहून प्रेमापोटी ते केले गेले, असे त्यांचे म्हणणे होते. १९३० नंतरच्या दशकात कलकत्त्याला 'उषा' यंत्रे होऊ लागली. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे ह्यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या सेवासदनात शिवणकामाचे शिक्षण मिळे, त्याचाही कित्येक बायकांना स्वतःच्या पायांवर उभे राहायला उपयोग झाला. यंत्राने चोळी, परकर, सदरा सगळे घेतले. गोधडी मात्र अद्याप बरीचशी हाताचीच राहिली आहे. चार-पाच थर घरच्या यंत्राच्या पायाखालून नीट सरकत नाहीत, आणि हाताच्या धावदोऱ्याने येणारा मऊपणा यंत्राला साधत नाही.

राहिले चिंध्यांचे बोचके. गोधडीची नक्षी ठरते ती इथे. तुकडे जोडून वस्त्र करण्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. मगधातील शेते व त्यांचे आखीव बांध पाहून, असे चीवर करता येईल का, असे बुद्धांनी आनंदाला विचारले आणि त्याने तुकड्यांचे तसे चीवर सिद्ध केले, अशी कथा 'महावग्गा'त आहे. उत्तर कानडा जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड ह्या भागांत सिद्दी लोक राहतात. त्यांच्यातील कित्येकांचे पूर्वज पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणलेले, आणि बोली कोकणी-मराठीच्या जवळची. त्यांच्या बायका 'कवंद' नावाची गोधडी शिवतात. ती कडेपासून सुरू होते आणि गोल गोल आत येत मध्यभागी संपते. चार कोपऱ्यांवर कापडाच्या त्रिकोणी घड्यांची 'फुले' लावतात. फुलांवाचून कवंद पुरी झाली, असे त्या मानीत नाहीत. जिच्या पूर्वजांना गुलाम म्हणून विकले गेले, ती बाई आपल्या नातवंडाच्या पांघरुणाला फुले लावल्यावाचून ते हातातून सोडत नाही, हे ऐकून मला गहिवरून आले.

हे सगळे लिहिले, पण डब्यातील एक वस्तू सांगायची राहिली. रिळांखाली चतकोर कागद होता. सासूबाईंच्या अक्षरात एका वर्षाचा गोधड्यांचा हिशेब. दोरा, अस्तर, खडू ह्यांच्या किमती पै-पैशासह लिहिलेल्या. शेवटी एक ओळ: 'गोधडीवालीस जुने पातळ व ज्वारी.' किती, ते लिहिलेले नाही. तिचे नावही नाही.

ती मला चांगली आठवते. मी लग्न होऊन आले तेव्हा दिवाळीनंतर ती येई आणि ओसरीवर चार-चार दिवस बसे. मुले तिला मावशी म्हणत. एकदा तिच्या बोटातून रक्त आलेले पाहून मी हेच पितळी अंगुस्तान पुढे केले. "नको वैनी, त्यानं टाका कळत न्हाई," असे म्हणून तिने बोट तोंडात घातले आणि पुन्हा शिवू लागली. त्याच संध्याकाळी ज्वारीवरून मी तिच्याशी घासाघीस केली. घरात नवीन होते, काटकसरी म्हणून नाव मिळवायचे होते. ती काही न बोलता उठली. आमच्या घरातील उत्तम गोधड्या तिच्या हातच्या आहेत. रंगाला रंग कुठे लावावा, हे तिने ठरवले. आम्ही मात्र त्या 'सासूबाईंच्या गोधड्या' म्हणून आल्यागेल्याला दाखवल्या. तिचे नाव मी कधी विचारले नाही, आणि आता विचारायला ती नाही.

हाऊ आणि सिंगर ह्यांच्या तारखा मला मिळाल्या, क्लार्कचे गाव मिळाले. माझ्याच ओसरीवर बसलेल्या कारागिरणीचे नाव मात्र कुठेच मिळाले नाही. ही चूक माझी आहे.

म्हणून भगिनींनो, वर्धापनदिनाच्या निमित्ताने एक विनंती करते. आपल्या शिवणवर्गातून जी गोधडी, जे दुपटे बाहेर जाईल, त्याच्या एका कोपऱ्यात शिवणारीचे नाव व साल दोऱ्याने घालावे. चार टाके जास्त पडतील, एवढेच. आणि बाहेरून कोणी शिवायला बोलावली, तर मजुरी आधी ठरवावी, रोख द्यावी आणि हिशेबाच्या वहीत तिच्या नावासमोर लिहावी. सासूबाईंचा डबा मी शिवणवर्गाला देत आहे. कात्रीला धार लावून आणली आहे. लांब सुई अजून सरळ आहे. चिंध्यांच्या बोचक्यातून जी कोणी पहिली गोधडी करील, तिने नाव घालायला विसरू नये.