भंडाऱ्याची कढई

शरद ऋतु आला कीं बुलढाणा जिल्ह्याच्या बाजारांत ताजीं वांगीं येतात, आणि भंडाऱ्यांच्या कढया चुलाण्यांवर चढूं लागतात. वांगें मूळचें भारतांतलेंच. मिरची मात्र सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांनीं आणली. पूर्वीं तिखटासाठीं मलबारचीं मिरीं विकत घ्यावीं लागत. पुढें मिरची शेतांतच पिकूं लागली, आणि शंभर पानांचा रस्सा गरिबाच्याहि आटोक्यांत आला.

माझ्या लहानपणीं मात्र कढई एक असून पंक्ती दोन बसत. कांहीं जातींचीं पानें दूर मांडीत. आज मेहकर तालुक्यांतील हिवरा आश्रमांत पौषांतील विवेकानंद जयंतीस पुरी व वांग्याची भाजी लाखोंना एकत्र बसवून वाढतात. समुद्रापलीकडची मिरची आपण कढईंत सहज घेतली. शेजारच्या माणसास पंक्तींत घेण्यास मात्र आपणांस फार विलंब लागला.