पहिलटकरणीचें संकट आणि कुळाचा वारसा

प्रथम बाळंत होणाऱ्या स्त्रीस मराठींत ‘पहिलटकरीण’ असा स्वतंत्र शब्द आहे. पहिली खेप जोखमीची, हें घरोघरच्या वडीलधाऱ्या बायका जाणून होत्या. वैद्यकासही ही गोष्ट फार पूर्वीं आढळली. गर्भिणीस येणारे झटके पहिलटकरणींत अधिक दिसतात, असें सतराव्या शतकांत पॅरिसच्या फ्रान्स्वा मोरिसो या प्रसूतितज्ज्ञानें नमूद केलें. विजेप्रमाणें अकस्मात् कोसळणाऱ्या या संकटास ग्रीक भाषेवरून ‘इक्लॅम्प्सिया’ असें नांव पडलें.

वीज अकस्मात् पडली तरी ढग आधीं जमतात, हें कळावयास मात्र काळ लागला. १८४३ सालीं लंडनच्या गायज् रुग्णालयांतील जॉन लीव्हर यांना अशा स्त्रियांच्या लघवींत अल्ब्युमिन आढळलें. १८९६ सालीं इटलीचे रिव्हा-रोची यांनीं रक्तदाब मोजण्याचें पाऱ्याचें उपकरण सिद्ध केलें. पुढच्याच वर्षीं व्हाके व नोबेकूर या फ्रेंच वैद्यांनीं झटके येणाऱ्या स्त्रियांचा रक्तदाब चढलेला असतो, असें दाखविलें. झटक्यांपूर्वींच्या या अवस्थेस ‘प्री-इक्लॅम्प्सिया’ म्हणतात.

पण हें संकट एकीवरच कां यावें? अमेरिकेंत जर्सी सिटी येथील मार्गारेट हेग प्रसूतिगृहांत १९३१ ते १९५१ या काळांत झटक्यांतून वांचलेल्या २७० स्त्रियांचा मागोवा लिऑन चेस्ली यांनीं कित्येक वर्षें चिकाटीनें घेतला. त्यांच्या मुलींपैकीं शेंकडा २६ जणींना पहिल्या खेपेस हा विकार झाला. सुनांत हें प्रमाण अवघें शेंकडा ६ होतें. रक्ताचा संबंध उघड दिसला.

यावरून दोष केवळ आईच्या कुळाचा, असें कोणी म्हणेल. परंतु पुढील संशोधनानें तेंही खोडून काढलें. एका स्त्रीच्या गरोदरपणीं हा विकार झाला असतां, त्याच पुरुषापासून दुसऱ्या स्त्रीस राहिलेल्या गर्भाच्या वेळींही तो होण्याचा संभव वाढतो, असें १९९८ सालीं नॉर्वेंतील जन्मनोंदींवरून दिसून आलें. याचें मर्म वारेंत आहे. वार गर्भाबरोबरच घडते व तिच्यांत आईबाप दोघांचींही जनुकें असतात. वारेंतून एक प्रथिन आईच्या रक्तांत अतिरिक्त उतरलें म्हणजे तिच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरास इजा पोंचते, असें २००३ सालीं बोस्टन येथें अनंत करुमंची व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें. २०१७ सालीं त्याच प्रथिनाशीं संबंधित ‘एफ्‌एल्‌टी-१’ या जनुकाजवळचा एक फरक बाळाच्या वारशांत आढळला.

तथापि वारसा म्हणजे ललाटलेख नव्हे. पूर्वींचा रक्तदाब, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, जुळीं मुलें हींही कारणें आहेत. आणि कुळांत कोणासही हा त्रास नसतांना तो पहिलटकरणीस होऊं शकतो. म्हणून प्रत्येक भेटींत रक्तदाब व लघवी तपासणें अगत्याचें. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढें अंधारी, चेहऱ्यावर एकाएकीं सूज, यांची हयगय करूं नये. धोका अधिक असल्यास डॉक्टर ॲस्पिरिनची अल्प मात्रा आरंभींच सुरू करतात. मॅग्नेशियम सल्फेटनें झटक्यांचा संभव निम्म्यावर येतो, हें २००२ सालीं ३३ देशांतील दहा हजारांवर स्त्रियांच्या पाहणींत सिद्ध झालें.

सुनेच्या पायगुणास बोल लावणाऱ्या घरानें एवढें ध्यानांत ठेवावें: वारेंत सासरचाही वांटा निम्मा असतो. तेव्हां ‘तुमच्या घरीं कोणास असें झालें होतें काय?’ हा प्रश्न माहेराप्रमाणेंच सासरींही विचारला पाहिजे, आणि तोही दोष देण्यासाठीं नव्हे, तर वेळींच सावध होण्यासाठीं.