फेसात कोंडलेला वायू

कठीण फेसाची खरी शक्ती त्याच्या कप्प्यांत कोंडलेल्या वायूत असते, हे आपण सहसा विसरतो. ऑटो बायर यांनी १९३७ साली जर्मनीत पॉलियुरेथेन शोधले. पुढे त्याचा फेस फुगविण्यास सीएफसी-११ वापरण्यात येऊ लागले. त्याची वाफ हवेपेक्षा पुष्कळ कमी उष्णता वाहून नेई. त्यामुळे शीतकपाटांच्या भिंती पातळ करता आल्या. परंतु १९७४ साली मोलिना व रोलंड यांनी इशारा दिला की, अशा वायूंतील क्लोरीन ओझोनचा थर झिजवील. १९८७ साली माँट्रियल करार झाला. १९९३ पासून जर्मन कारखानदारांनी सायक्लोपेंटेन पत्करले. ते ओझोनला निरुपद्रवी, पण ज्वालाग्राही आणि उष्णता रोखण्यात काहीसे उणे. आकाश राखावयाचे, तर भिंतीचा थोडा गुण सोडणे आपल्याला भागच होते.