बीपीआय: जंतुमारक प्रथिनाची कुळकथा

मेलेले जंतूही जीव घेतात, हे रिचर्ड फायफर यांनी १८९२च्या सुमारास बर्लिनमध्ये रॉबर्ट कोख यांच्या संस्थेत दाखवलं. तापवून मारलेले कॉलऱ्याचे जंतू टोचले, तरी गिनीपिग मरत. म्हणजे हे विष जंतू बाहेर सोडत नव्हता. ते त्याच्या अंगातच होतं. एंडोटॉक्सिन ते हेच.

हे विष म्हणजे ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंच्या बाहेरच्या आवरणाचाच एक भाग. रक्तात ते उतरलं, की आपलीच संरक्षणयंत्रणा बेभान होते. रक्तवाहिन्या सैलावतात, झिरपू लागतात, रक्तदाब कोसळतो, बारीक वाहिन्यांत रक्त गोठतं. हा सेप्टिक शॉक. अँटिबायोटिक जंतू मारतं, पण मेलेल्या जंतूचं आवरण रक्तातच राहतं.

न्यूयॉर्क विद्यापीठातल्या पीटर एल्सबाख आणि जेरॉल्ड वाइस यांच्या प्रयोगांची सुरुवात मात्र या आजारापासून झाली नाही. पांढरी पेशी ई. कोलाय या जंतूला नेमकी कशाने मारते, एवढंच त्यांना शोधायचं होतं. आधी सशांच्या पेशी तपासल्या. मग १९७८मध्ये स्वीडनमधल्या सहकाऱ्यांसह माणसाच्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींतल्या कणांमधून ते प्रथिन शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. नाव पडलं बीपीआय. त्याची मारण्याची रीत चमत्कारिक होती. प्रथिन चिकटताच जंतूची वाढ थांबे, पण त्याचा आतला कारभार बराच वेळ चालूच राही. घाव आधी फक्त बाहेरच्या आवरणावर बसत होता, आणि तोही नेमका एंडोटॉक्सिनच्या मुळाशी, लिपिड-एवर. जंतूला मारणारी पकडच विषालाही निकामी करते, हे पुढे उघड झालं आणि इथेच औषधाची कल्पना रुजली. १९९७मध्ये रेणूचा आकार कळला. तो बूमरँगसारखा होता, दोन अर्धे जोडलेला. प्रयोगशाळेत त्याआधीच दिसलं होतं की त्यातला पहिला अर्धा भाग एकटाच काम भागवतो.

झोमा ही कॅलिफोर्नियातली कंपनी तोपर्यंत एकदा ठेचकाळली होती. एंडोटॉक्सिनविरुद्धची तिची ई-५ ही प्रतिपिंडं, आणि प्रतिस्पर्धी सेंटोकोरची एचए-१ए ही प्रतिपिंडं, दोन्ही १९९०च्या दशकात चाचण्यांत टिकली नाहीत. झोमाने मग बीपीआयचा तो अर्धा तुकडा जनुकीय तंत्राने तयार केला. त्यात फक्त एक अमिनो आम्ल बदललं, रेणू एकमेकांना जोडले जाऊ नयेत म्हणून. अ‍ॅमस्टरडॅममध्ये धडधाकट स्वयंसेवकांना मुद्दाम एंडोटॉक्सिन टोचून बीपीआयच्या अर्ध्या तुकड्याचा परिणाम पाहिला गेला, तेव्हा दाह वाढवणाऱ्या रेणूंची पातळी खरोखर घटली.

खरी परीक्षा मेनिन्गोकोकस या ग्रॅम-निगेटिव्ह जंतूच्या रुग्णांवर ठरली, आणि ही निवड मला शहाणपणाची वाटते. ‘सेप्सिस’ या एका नावाखाली अनेक जंतू आणि अनेक वयं एकत्र येतात. इथे जंतू एकच, रुग्ण बहुतेक मुलं, आणि हा जंतू आवरणाचे फुगे सोडून रक्तात विष ओततो. अंगावर जांभळे डाग उमटतात, हातापायांची बोटं काळी पडतात. अमेरिकेतल्या पहिल्या छोट्या चाचणीत २६ मुलांपैकी एकच दगावलं. एवढ्या गंभीर मुलांत मृत्यू बरेच जास्त होतील, असा अंदाज होता. आशा पल्लवित झाली.

मग ब्रिटन आणि अमेरिकेत ३९३ मुलांवर मोठी चाचणी झाली. लंडनच्या मायकेल लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी तिचे निष्कर्ष २०००मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. प्रथिन मिळालेल्यांत १४ मुलं गेली, प्लॅसिबो गटात २०. हा फरक संख्याशास्त्राला पुरेसा नव्हता. मुलांच्या अतिदक्षता विभागांतले उपचार सुधारले होते आणि एकूण मृत्यूच अपेक्षेपेक्षा कमी झाले होते. पण गंभीर अंगच्छेद प्रथिनाच्या गटात सहा मुलांवर ओढवला, दुसऱ्या गटात पंधरांवर. हाही फरक निकषाला थोडक्यात उणा पडला. साठाव्या दिवशी आजारापूर्वीसारखी वावरू शकणारी मुलं मात्र ७७ टक्के विरुद्ध ६६ टक्के अशी होती, आणि हा फरक निकषावर उतरला. औषध मृत्यू रोखतं का, एवढ्यावरच निवाडा करणाऱ्याला ही चाचणी फसली असं वाटेल. पाय वाचलेल्या मुलाचे आईवडील ही आकडेवारी वेगळ्या क्रमाने वाचतील.

औषधाला परवाना मिळाला नाही. नव्याने एवढी मुलं जमवणंही अवघड होत गेलं. चाचणीचे निष्कर्ष छापून येण्याआधीच, नोव्हेंबर १९९९मध्ये ब्रिटनने मेनिन्गोकोकस-सीची लस द्यायला सुरुवात केली आणि त्या प्रकारचे रुग्ण झपाट्याने घटले. बी प्रकाराविरुद्धची लस तिथल्या तान्ह्या बाळांना २०१५पासून मिळू लागली.